डॉक्टरला किती गुण द्याल?

परवा मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकखोलीत डब्यांबरोबर एक विषय निघाला. आमच्यातल्या एका बाईंच्या मुलीच्या चेहऱ्यावर पुरळ उठलं होतं. आमच्या गावात कातडीचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, तेव्हा फोनवरूनच कुणाचा तरी सल्ला घ्यावा असं त्यांच्या मनात होतं. दुसऱ्या बाईंनी लगेच त्यांचा मोबाईल हातात घेतला, चार-दोन वेळा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्या घ्या! चार पूर्णांक नऊ स्टार! आणखी काय पाहिजे? आणि खाली लोकांनी किती छान छान लिहिलंय बघा." डबा संपेपर्यंत वेळ ठरवून, फीसुद्धा भरून झाली.

मी गप्पच बसले. कारण अशा स्टारच्या बाबतीत माझ्या मनाला एक टोचणी आहे. आज तीच तुमच्यापुढे मोकळी करते. कुणी सांगावं, माझ्या चुकीतून तुमच्यापैकी एखादीचा तरी फायदा होईल.

आधी माझीच चूक सांगते

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. धाकट्याला सर्दी-खोकला झाला होता, अंगात थोडी कणकण होती. बाहेर धो धो पाऊस. म्हटलं, भिजत दवाखान्यात कशाला न्यायचं? फोनवर एका अ‍ॅपमधले डॉक्टर निवडले. तीन मिनिटांत बोलणं संपलं. गोड बोलले, मुलाला "काय रे हीरो" म्हणाले आणि लगेच चिठ्ठी आली: अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध, शिवाय एक टॉनिक. फोन ठेवतो न ठेवतो तोच पडद्यावर विचारणा आली, 'तुमचा अनुभव कसा होता?' मी खूश होऊन पाचांपैकी पाच स्टार देऊन टाकले. वर लिहिलं, 'फार छान डॉक्टर, लगेच औषध दिलं.'

तिसऱ्या दिवशी मुलाला जुलाब सुरू झाले. मग मात्र भिजत का होईना, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "वहिनी, ही साधी व्हायरल सर्दी आहे. तिला अँटिबायोटिक लागत नाही. जुलाब त्या औषधाचेच दिसतात." पाच स्टार देताना मला हे कुठे ठाऊक होतं!

दुसरी गोष्ट जानेवारी २०२४ मधली. रविवारची रात्र. सासूबाईंना पोटाच्या वरच्या भागात जळजळायला लागलं. जबडा जड वाटतोय म्हणाल्या, थंडीतही अंगाला घाम. त्यांना मधुमेह आहे. आम्हाला वाटलं, दुपारच्या लग्नातल्या जेवणाचं पित्त असेल. नेहमीचे डॉक्टर परगावी गेलेले, म्हणून पुन्हा फोनवरचे डॉक्टर. ह्या वेळी एक बाई होत्या, आवाज जरा कडकच. त्यांनी प्रश्नावर प्रश्न विचारले. दुखणं कधी सुरू झालं, हातात कळ जाते का, धाप लागते का, साखर किती असते, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग म्हणाल्या, "मी काहीही लिहून देणार नाही. आत्ताच्या आत्ता जिथे ईसीजी निघेल तिथे घेऊन जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका." आणि फोन संपला.

आमचे हे म्हणाले, "पैसे घेतले आणि पित्ताची साधी गोळीसुद्धा दिली नाही." मलाही तसंच वाटलं. सासूबाई शाल घेईपर्यंत, शेजारचे भाऊजी गाडी काढेपर्यंत, तीच विचारणा पडद्यावर आली. रागाच्या भरात मी दोन स्टार दिले आणि लिहिलं, 'फी घेतात, औषध देत नाहीत. बोलणं तुटक.'

तासाभराने हॉस्पिटलात ईसीजीची पट्टी हातात घेऊन तिथले डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. वेळेवर आणलंत." मधुमेह असलेल्या माणसांत, आणि बायकांतही, हृदयविकाराचा झटका नेहमीसारखी छातीत कळ न येता असा पित्तासारखा येऊ शकतो, हे मला त्या रात्री कळलं.

आज सासूबाई व्यवस्थित आहेत. परवाच त्यांनी बसल्या जागी किलोभर लसूण सोलून दिला. पण विचार करा. ज्या डॉक्टरने माझ्या मुलाला नको ते औषध दिलं त्याला माझे पाच स्टार, आणि जिने माझ्या सासूला वाचवलं तिला दोन! आणि हे दोन्ही अभिप्राय खरे होते हं. मी काही खोटं लिहिलं नव्हतं. दोन्ही वेळा जे वाटलं तेच प्रामाणिकपणे लिहिलं. तरीही दोन्ही साफ चुकले.

पूर्वी आपण डॉक्टर कसा शोधत होतो?

आपल्याकडे 'हातगुण' हा शब्द आहे. "अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो," असं कुणीतरी सांगायचं आणि आपण त्यांच्या दवाखान्याची पायरी चढायचो. तुम्ही म्हणाल, मग स्टार म्हणजे तरी दुसरं काय? तोच हातगुण, फक्त मोबाईलवर.

पण एक मोठा फरक आहे. तेव्हा सांगणारी कोण, हे आपल्याला ठाऊक असायचं. समोरच्या काकूंना शिंक आली तरी इंजेक्शन हवं असतं, तेव्हा त्यांच्या 'फार छान डॉक्टर'चा अर्थ आपण ओळखून असायचो. कोपऱ्यावरच्या वहिनी कुणाची उगाच स्तुती करत नाहीत, म्हणून त्यांनी एकदा 'बरे आहेत' म्हटलं की तेवढं पुरायचं. सांगणाऱ्या माणसाला आपण आधी तोलायचो, मग त्याच्या शब्दाला. शिवाय त्या वहिनींनी एकाच डॉक्टरांकडे दहा वर्षं काढलेली असत. मुलांची गोवरं, सासऱ्यांचा दमा, स्वतःची बाळंतपणं, सगळं पाहून मग त्या बोलत.

पडद्यावरचा माणूस आपल्याला दिसत नाही. त्याने एकदाच, पाच-सात मिनिटं डॉक्टरशी बोलून स्टार दिलेले असतात. तो काकूंसारखा की वहिनींसारखा, हे कोण सांगणार?

स्टार कशाला मिळतात?

माझ्यासारखी चूक मी एकटीच करते असं मला वाटत होतं. पण नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक ह्या नामवंत रुग्णालयाच्या संशोधकांनी हीच गोष्ट चक्क मोजून पाहिली आहे. त्यांचा लेख २०१८ साली 'जामा इंटर्नल मेडिसीन' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. सर्दी, खोकला, घसा, सायनस अशा तक्रारींसाठी लोकांनी ८५ डॉक्टरांशी दुरून साधलेली ८,४३७ बोलणी त्यांनी तपासली. शंभरातल्या ६६ जणांना अँटिबायोटिक मिळालं होतं. आता स्टार कसे पडले ते बघा. ज्यांना अँटिबायोटिक मिळालं त्यांच्यातल्या शंभरापैकी जवळजवळ ९१ जणांनी पाच स्टार दिले. दुसरं काही औषध मिळालेल्यांपैकी ८६ जणांनी. आणि ज्यांना काहीच औषध लिहून दिलं नाही, त्यांच्यापैकी साधारण ७२ जणांनी.

अशा बहुतेक तक्रारी विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, हे तुम्ही ऐकलं असेलच. म्हणजे जो डॉक्टर समजावून सांगतो, 'गरम पाणी प्या, विश्रांती घ्या, चार दिवसांनी बरं वाटलं नाही तर या,' त्याचे स्टार कमी. आणि जो मागितलं ते लिहून देतो त्याचे जास्त! डॉक्टरही माणूसच आहे. वर्षभर असे स्टार मोजत बसला तर त्याचा हात कुठे झुकेल, सांगा बरं?

मला ह्यात आमची शाळा दिसली. सातवीच्या मुलांना विचारा, सगळ्यात चांगल्या बाई कोण? ज्या गृहपाठ देत नाहीत आणि तासाला गोष्टी सांगतात, त्यांना भरघोस मतं पडतील. मुलं खोटं बोलतात असं नाही. बाई वेळेवर येतात का, ओरडतात का, शंका विचारली तर हिडीसफिडीस करतात का, हे मुलांइतकं अचूक कुणीच सांगू शकणार नाही. पण बाई अपूर्णांक बरोबर शिकवतात की चूक, हे मुलांनी कसं सांगावं? अपूर्णांक त्यांना येत नाहीत म्हणून तर ती शाळेत आली आहेत!

आपलंही तसंच. डॉक्टर कसे बोलले हे आपल्याला कळतं. निदान बरोबर की चूक, हे कळत असतं तर आपण डॉक्टरकडे गेलोच नसतो.

मग खरी परीक्षा घ्यायची कशी? त्याचाही एक प्रयोग अमेरिकेत झाला, २०१३-१४ मध्ये. शिकवून तयार केलेल्या ६७ जणांनी रुग्ण असल्याचं सोंग घेतलं आणि दुरून सल्ला देणाऱ्या आठ कंपन्यांच्या डॉक्टरांशी ५९९ वेळा संपर्क साधला. कुणी पाय मुरगळल्याचं सांगितलं, कुणी घसा, कुणी कंबरदुखी, तर कुणी बायकांना वारंवार होणारी लघवीची जळजळ. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे डॉक्टरांचं चुकलं की बरोबर आलं हे तपासता आलं. निकाल २०१६ साली छापून आला. विचारपूस आणि तपासणी जितकी व्हायला हवी तितकी पूर्ण झाली ती शंभरात सुमारे ७० वेळा. निदान बरोबर आलं साधारण ७६ वेळा. आणि उपचार शास्त्राला धरून झाले ते फक्त ५४ वेळा. कंपनी-कंपनीतही केवढा फरक! एकीत शंभरात ३४, तर दुसरीत ६६. हा फरक आपल्यासारख्या साध्या रुग्णाला पडद्यावर दिसला असता का? मला तर नाही वाटत.

म्हणजे फोनवरचे सगळेच डॉक्टर वाईट, असं मात्र समजू नका हं. समोर बसलेल्या डॉक्टरांच्याही चुका होतात. मुद्दा एवढाच, की बरा डॉक्टर कोणता हे स्टारवरून ओळखता येत नाही.

लिहितं कोण, आणि कधी?

आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्या. आमच्या पालकसभेला कोण येतं? एक तर ज्यांची मुलं पहिली आलीत ते, नाहीतर ज्यांची तक्रार आहे ते. मधले सगळे घरी. अभिप्रायांचंही तेच. फार खूश आणि फार चिडलेले, हेच लिहायला बसतात.

दुसरं म्हणजे वेळ. विचारणा येते ती बोलणं संपल्याबरोबर. तेव्हा औषध दुकानातून यायचं असतं, पोटात जायचं असतं. आमटी उकळायच्या आधीच मीठ बरोबर आहे का विचारल्यासारखं झालं! शिवाय पुष्कळशी साधी दुखणी आपोआपच बरी होतात. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात, ही थट्टा उगाच नाही. मग ज्याचं औषध चालू होतं त्याला श्रेय मिळून जातं.

तिसरं, उत्तर देण्याची सोय. हॉटेलवाल्याला कुणी नावं ठेवली तर तो खुलासा करू शकतो. डॉक्टरने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. त्या कडक बोलणाऱ्या बाई काय लिहिणार होत्या? 'तुमच्या सासूबाईंना मला हार्ट अटॅकची शंका आली होती,' असं चारचौघांत लिहायची त्यांना मुभाच नाही. त्यांनी माझे दोन स्टार मुकाट्याने सोसले असतील.

आणि चौथं म्हणजे खोटे अभिप्राय. ही कीड इतकी पसरली की भारतीय मानक संस्थेने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानकच तयार केलं, 'आयएस १९०००' नावाचं. अभिप्राय कसे गोळा करावे, कसे तपासावे, कसे छापावे ह्याची रीत त्यात घालून दिली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या वर्तनाचे जे नियम काढले त्यातही म्हटलं होतं, की डॉक्टरांनी पैसे देऊन 'लाईक' विकत घेऊ नयेत आणि वरच्या मानांकनासाठी पैसे घेणाऱ्या अ‍ॅपवर नाव नोंदवू नये. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले ही गोष्ट वेगळी. पण असा नियम लिहावासा वाटला, ह्यातच सगळं आलं.

मग अभिप्राय वाचायचेच नाहीत का?

वाचा, जरूर वाचा. पण बाजारात भाजी निवडतो तसे निवडून वाचा. वरून लाल दिसणारा टोमॅटो आपण दाबून बघतोच ना?

स्टारचा आकडा बघून लगेच भुलू नका. बारा जणांनी दिलेल्या चार पूर्णांक नऊपेक्षा नऊशे जणांनी दिलेल्या चार पूर्णांक तीनमध्ये जास्त दम आहे. 'अप्रतिम', 'देवमाणूस', 'वेस्ट ऑफ मनी' असे नुसते शेरे सोडून द्या. तीन स्टारवाले अभिप्राय आधी वाचा. त्यांत बहुधा चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिलेलं असतं. एकच तक्रार दहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल, तर ती खरी धरायला हरकत नाही.

अभिप्रायांतून ज्या गोष्टी कळतात त्याही काही कमी मोलाच्या नाहीत. डॉक्टर ठरल्या वेळी येतात का, मधेच फोन तोडतात का, मराठीत समजावून सांगतात का, चिठ्ठी वेळेवर मिळते का, बोलणं झालंच नाही तर पैसे परत मिळतात का. बायकांच्या दुखण्यांच्या बाबतीत तर 'डॉक्टरांनी संकोच वाटू दिला नाही' हे कुणीतरी लिहिलेलं वाचून केवढा धीर येतो! एवढं अभिप्रायांना विचारावं. निदानाचं मात्र विचारू नये.

आणि 'औषध दिलं नाही', 'प्रत्यक्ष दाखवा म्हणाले' अशी तक्रार दिसली, तर मी हल्ली त्या डॉक्टरांचं नाव आधी टिपून ठेवते!

फोनवरच्या डॉक्टरची खरी परीक्षा

आपल्या देशात फोनवरून, व्हिडिओवरून उपचार करण्याचे रीतसर नियम २५ मार्च २०२० रोजी निघाले. लॉकडाऊन सुरू झाला तो हाच दिवस. ते नियम आपल्यासारख्यांनाही समजण्यासारखे आहेत, आणि स्टारपेक्षा फार उपयोगाचे. त्यांतलं आपल्या कामाचं तेवढं सांगते.

डॉक्टर नोंदणी झालेलाच हवा आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक आधी बघा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या डॉक्टरांची यादी पाहता येते. डॉक्टरांनी आपलं नाव, वय विचारायचं असतं आणि स्वतःची ओळख द्यायची असते. मूल आजारी असेल तर बोलताना घरातलं मोठं माणूस सोबत लागतं. व्यसन लागू शकेल अशी काही औषधं आणि अमली द्रव्यांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवरून लिहून द्यायला ह्या नियमांत मनाई आहे. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, स्वतः औषध लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करायची तेवढी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: फोनवर भागणार नाही असं वाटलं तर 'प्रत्यक्ष दाखवा' असं सांगण्याचा डॉक्टरला पूर्ण अधिकार आहे. त्या कडक बाईंनी नियमाप्रमाणेच केलं होतं. मला वाटलं, फसवलं!

आता मी फोन ठेवला की स्टार मोजत नाही, प्रश्न मोजते. वय, वजन, दुखणं कधीपासून, आधीचे आजार, चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजते का, हे विचारलं का? औषध कशासाठी आणि किती दिवस, हे सांगितलं का? आणि 'अमुक झालं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा' हे वाक्य बोलले का? हे शेवटचं वाक्य ज्या डॉक्टरच्या तोंडी आलं, तो माझ्या मते पास.

आपणही थोडी तयारी ठेवावी. ताप मोजून, वेळेसह लिहून ठेवा. गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट जवळ घ्या. उजेडाकडे तोंड करून बसा. आजारी माणसाला स्वतः बोलू द्या. त्याच्या वतीने आपणच सगळं सांगायची आपल्याला फार सवय! आणि दुखणं आपलं असेल तर जरा बाजूच्या खोलीत जा. घरचे सगळे भोवती बसले की अर्धं दुखणं पोटातच राहतं.

काही वेळा मात्र फोनच्या नादी लागूच नका. छातीत दडपण आणि घाम, धाप, तोंड वाकडं होणं किंवा हातातली शक्ती जाणं, जीभ जड होणं, फीट, गरोदरपणी अंगावरून रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, तान्हं मूल पीत नाही, सुस्त पडून आहे: अशा वेळी १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी सरकारची 'ई-संजीवनी' ही मोफत सेवा ध्यानात ठेवावी. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्याही मिळू लागली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून दहा कोटी वेळा सल्ला दिला गेला होता. जवळच्या आरोग्य केंद्रातून ती घेतली तर तिथला आरोग्य कर्मचारी आपल्याजवळ असतो. रक्तदाब तो मोजतो आणि पलीकडच्या डॉक्टरला सांगतो. नुसत्या पडद्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता आपण लिहू तेव्हा

मैत्रिणींनो, अभिप्राय वाचतो तसे आपण लिहितोही. तेव्हा एवढं करू या. फोन ठेवल्याबरोबर स्टार द्यायचे नाहीत. आठवडाभर थांबायचं, काय गुण आला ते बघायचं. मग काय वाटलं ह्याऐवजी काय घडलं ते लिहायचं: किती वेळ दिला, काय काय विचारलं, काय समजावलं. औषध दिलं नाही म्हणून स्टार कापायचे नाहीत. आणि घरातल्या कुणाचं नाव, आजाराचा तपशील जगजाहीर करायचा नाही. उद्या मुलीचं लग्न ठरवताना कुणीतरी तेच वाचत बसायचं!

हॉस्पिटलातून घरी आल्यावर चार दिवसांनी मी ते अ‍ॅप पुन्हा उघडलं. म्हटलं, त्या बाईंचे दोन स्टार पुसून पाच करावे, वर माफीचे दोन शब्द लिहावे. पुष्कळ शोधलं, मोठ्या मुलालाही शोधायला लावलं. दिलेला अभिप्राय बदलायची सोय तिथे नव्हती. मदतीसाठी दिलेल्या पत्त्यावर लिहिलं, त्याचं उत्तर आजतागायत नाही.

तेव्हा माझे ते दोन स्टार आणि ते तुटक वाक्य अजून तिथेच आहे. एखादी घाबरलेली सून रात्री-अपरात्री ते वाचत असेल, आणि 'ह्या बाई नकोत गं बाई' म्हणून पुढच्या गोड बोलणाऱ्या डॉक्टरकडे वळत असेल. ही टोचणी काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी त्या बाईंना एवढंच म्हटलं, "लेकीला पडद्यासमोर बसवाल तेव्हा डॉक्टर किती प्रश्न विचारतात ते मोजा हं." त्या हसल्या. पण संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अहो, एकच विचारला," म्हणाल्या. "शनिवारी गावात येतात त्या डॉक्टरांनाच दाखवते."